हाडांच्या तिजोरीतून : नंदुरबार जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांस खुले पत्र

मु. पो. म्हसावद, तालुका शहादा

माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, नंदुरबार यांस,



गरोदर आणि स्तनदा मातांना शासनातर्फे जी कॅल्शियमची गोळी दिली जाते, तिच्या संबंधाने काही गोष्टी आपल्या कानी घालाव्यात, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. ते केवळ आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे न धाडता आपणांस लिहिण्याचे कारण असे की, आरोग्य विभाग आणि महिला व बालकल्याण विभाग ही दोन्ही दफ्तरे ज्या एका मेजावर येऊन मिळतात ते मेज आपले आहे. आणि ज्या विषयाची मला चिंता वाटते तो अर्धा उपकेंद्राच्या औषधांच्या कपाटात आणि अर्धा अंगणवाडीच्या चुलीवर असा वाटला गेलेला आहे. पत्र खुले ठेवले आहे, कारण यातील बराचसा मजकूर आमच्या गावच्या आणि वर पहाडातल्या लिहित्यावाचत्या मुलामुलींनी आपापल्या घरी वाचून दाखवावा अशी माझी इच्छा आहे. मी वैद्य नव्हे. शाळेत विज्ञान शिकविण्यात आयुष्य गेले, आणि शिकवीत असताना या एका विषयाने मनाची जी पकड घेतली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील शंभरापैकी नव्याण्णव भाग हाडांत व दातांत असतात, एवढे आपल्याकडील शाळकरी मुलालाही सांगता येते. परंतु उरलेला जो एक भाग, आणि त्यातही रक्तात खेळणारा जो त्याहून कितीतरी लहान अंश, त्याच्यावर मनुष्याचे जगणे क्षणोक्षणी अवलंबून असते, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. स्नायू आवळतो तो कॅल्शियममुळे, एका मज्जातंतूचा निरोप दुसऱ्यास पोचतो तो कॅल्शियममुळे, जखमेतले रक्त गोठते ते कॅल्शियमच्या साहाय्याने, आणि हृदयाचा ठोका पडतो तोही त्याच्याच जोरावर. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर १८८० नंतरच्या काळात बेडकाचे काढलेले हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून प्रयोग करीत असत. द्रावण नळाच्या पाण्यात केले असता ते हृदय बराच काळ धडधडत राही आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केले असता थोड्याच वेळात मंदावून थांबे, हे पाहून त्यांनी शोध घेतला, तेव्हा लंडनच्या नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हेच त्या जिवंतपणाचे कारण असल्याचे निष्पन्न झाले. १८८३ साली त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. दवाखान्यात सलाईनबरोबर जे 'रिंगर लॅक्टेट' टांगलेले दिसते, ते त्यांचेच नाव.

रक्तातील हे प्रमाण दर शंभर मिलिलिटरमागे साधारणतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम इतक्या अरुंद मर्यादेत राहते, आणि त्यातलेही निम्मेच काय ते मोकळे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे असते. बाकीचे मुख्यत्वे अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनास बिलगलेले असते. मनुष्य उपाशी असो वा जेवलेला, दूध पिणारा असो वा मिरची-भाकरीवर दिवस काढणारा, ही मर्यादा सहसा ढळत नाही. तिची राखण करणाऱ्या ग्रंथी मानेत, अवटू ग्रंथीच्या पाठीमागे असतात. त्या बहुधा चार, आणि प्रत्येक तांदळाच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी नाही. त्यांचा शोध कसा लागला ही हकीकत आपल्या देशाशी एका बाजूने जोडलेली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ सालापासून पाळलेला एक भारतीय गेंडा १८४९ साली मरण पावला, तेव्हा शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन करताना त्याच्या मानेत एक लहानसा पिवळसर पिंड पाहिला आणि त्याची नोंद केली. मनुष्याच्या शरीरातील तशाच पिंडांचे पद्धतशीर वर्णन स्वीडनमधील उप्साला येथील ईवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली केले, आणि त्यांचे कार्य कॅल्शियमशी निगडित आहे हे ध्यानी येण्यास त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे जावी लागली. १९०९ साली मॅक्कॅलम आणि फोग्टलिन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, या परावटू ग्रंथी काढून टाकलेल्या प्राण्यास जे आचके येतात ते कॅल्शियम दिल्याने थांबतात.

या ग्रंथींचे काम कसे चालते हे सांगण्यास मला आपल्याच दफ्तरातील भाषा सोयीची वाटते. रक्त ही रोजच्या देण्याघेण्याची शिल्लक, आणि हाडे ही तिजोरी. शिल्लक रतीभर कमी झाली की परावटू ग्रंथी काही मिनिटांत आपला संप्रेरक सोडतात. तो एकीकडे तिजोरीतून तसलमात उचलण्याचा हुकूम देतो, दुसरीकडे मूत्रपिंडांना ताकीद देतो की लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवा, आणि तिसरीकडे त्याच मूत्रपिंडांकरवी ड जीवनसत्त्वास त्याचे कार्यक्षम रूप देववून आतड्यांना अन्नातील कॅल्शियमची वसुली वाढवावयास लावतो. मूत्रपिंडांतून दिवसाकाठी गाळले जाणारे कॅल्शियम सुमारे दहा ग्रॅम असते आणि त्यातले शेकडा अठ्ठ्याण्णव भाग परत घेतले जातात, यावरून ही ताकीद किती काटेकोरपणे पाळली जाते याची कल्पना यावी. ही व्यवस्था इतकी चोख आहे की, बाहेरून आवक वर्षानुवर्षे अपुरी असली तरी रोजची शिल्लक बरोबर दिसते.

आणि महाशय, माझ्या साऱ्या सांगण्याचा गाभा येथेच आहे. ज्या बाईच्या रक्तातील कॅल्शियम तपासणीत निर्दोष आले, तिच्या आहारात कॅल्शियम पुरेसे आहे असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की तिची हाडे अद्याप देणे भागवीत आहेत. लोह कमी पडले की चेहरा फिका पडतो, दम लागतो, बाई स्वतः येऊन सांगते; कॅल्शियमची तूट मात्र वर्षानुवर्षे मूक राहते, आणि बोलू लागते तेव्हा कंबरेच्या व पायांच्या दुखण्यातून, म्हातारपणी मोडलेल्या मांडीच्या हाडातून, किंवा अंगावरच्या बाळाच्या आकडीतून बोलते. तक्रार आली नाही म्हणजे गरज नाही, हा जो शासनव्यवहारातील सर्वसाधारण अदमास, तो या एका बाबतीत पूर्णपणे फसवा आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. मुंबई इलाख्याच्या काळात, १९२२ साली, हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागात मुडदुसाचा अभ्यास करून तो इंग्लंडमधील एका नामांकित वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध केला. त्या सुमारास युरोपात मोठा वाद चालू होता. लंडनमध्ये मेलँबी यांनी १९१९ साली कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून मुडदूस हा आहारदोषाचा विकार असल्याचे मत मांडले होते, तर त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुलांचा मुडदूस बरा करून दाखविला होता. आहार खरा की प्रकाश, असा तो प्रश्न होता. नाशिककडील निरीक्षण त्या प्रश्नावर नेमका उजेड टाकणारे ठरले. ज्या सुखवस्तू मुसलमान व हिंदू घराण्यांत पडदा कडक पाळला जाई, त्यांच्यातील बायका आणि अर्भके यांच्यात आहार बरा असूनही हा विकार आढळला. आणि ज्या गरीब कुटुंबांतील बायका अन्नाची ददात असताही दिवसभर शेतावर राबत व मुलांना उन्हात बरोबर वागवीत, त्यांच्यात तो आढळला नाही. आमचा जिल्हा आज ज्या महसुली विभागात मोडतो त्याच नाशिकच्या भूमीवरील हे काम आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी जगाच्या वैद्यकशास्त्रात त्याने आपली जागा मिळविली, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

परंतु या निरीक्षणाचा एक चुकीचा अर्थ काढला जाण्याचा संभव आहे, आणि तो आमच्या भागात विशेष आहे. आम्हांला उन्हाची वाण कोठे आहे? तापीच्या खोऱ्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, पावरा आणि भिल्ल बाया वर्षाचे बारा महिने उघड्यावर काम करतात. तेव्हा येथे हाडांचा प्रश्न असणार नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सूर्यप्रकाशाने कातडीत ड जीवनसत्त्व निर्माण होते आणि ते आतड्यांना कॅल्शियम शोषून घेण्यास समर्थ करते, हे खरे. पण ताटातच कॅल्शियम नसेल तर ते शोषणार काय? नायजेरिया देशात, भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात, मुलांचे पाय मोठ्या प्रमाणावर वाकलेले आढळले. थॅचर, फिशर, पेटिफॉर आदी डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून १९९९ साली दाखविले की, त्या मुलांच्या आहारात दिवसाकाठी कॅल्शियम अवघे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास होते, आणि त्यांना कॅल्शियम दिल्याने जो गुण आला तो नुसत्या ड जीवनसत्त्वाने आला नाही. बांगलादेशच्या चकरिया भागात १९९१ च्या चक्रीवादळानंतर मदतीस गेलेल्या लोकांना तशीच वाकलेल्या पायांची मुले दिसली; तेथेही ऊन होते, भात होता, दूध नव्हते. नाशिकने प्रकाशाची बाजू दाखविली आणि नायजेरियाने ताटाची. आम्हां सातपुड्याच्या पायथ्याच्या लोकांना ही दुसरी बाजू अधिक लागू आहे असे माझे मत आहे.

पहाडातील घरात गाईगुरे असतात, पण ती मुख्यतः औताची. दुधाचा रतीब त्या चुलीला ठाऊक नसतो. जेवण म्हणजे ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, डाळ, मिरचीची चटणी आणि हंगामातील रानभाजी. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि स्तनदा मातेसाठी १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. ज्वारी-मक्यात ते शंभर ग्रॅममागे जेमतेम दहा ते तीस मिलिग्रॅम असते. उलट जिला आम्ही नागली म्हणतो आणि देशावर नाचणी म्हणतात, तिच्यात शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, आणि तिळात हजारांहून अधिक. तिळातील व नागलीतील सारेच अंगी लागत नाही हे मान्य करावयास हवे, कारण धान्याच्या व बियांच्या कोंड्यातील द्रव्ये त्यातला काही भाग अडवून धरतात. पण भिजविणे, मोड आणणे आणि आंबविणे या आपल्या आज्यांच्या रीतींनी तो अडसर बराच सैल होतो.

भारत सरकारने २०१४ साली गरोदर व स्तनदा मातांसाठी कॅल्शियमच्या गोळ्यांबाबत जे मार्गदर्शक नियम केले ते उत्तम आहेत. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकक ड जीवनसत्त्व असलेली एक गोळी सकाळच्या व एक संध्याकाळच्या जेवणाबरोबर, चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत आणि नंतर सहा महिने, असा तो क्रम आहे. हिशेब केला तर एका बाळंतपणामागे सुमारे सातशेवीस गोळ्या होतात. गर्भाच्या अंगात जन्मापूर्वी सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम जमा होते आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तिमाहीत. पुढे आईच्या दुधातून दररोज दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम बाळाकडे जाते. ताटातून हे आले नाही तर कोठून येते हे वर सांगितलेच आहे.

या सातशेवीस गोळ्यांपैकी किती पोटात जातात आणि किती भिंतीतल्या कोनाड्यात पुडीसकट पडून राहतात, याचा छडा नोंदवहीवरून लागणार नाही, कारण नोंदवहीत गोळी दिल्याची नोंद असते, घेतल्याची नसते. माझ्या परिचयाच्या अनेक बायांनी मला जी कारणे सांगितली त्यांत आळस हे कारण मला आढळले नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदमच गिळल्या असता कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून त्या दोहोंत निदान दोन तासांचे अंतर हवे, हे त्यांना कोणी त्यांच्या बोलीत सांगितलेले नसते. उपाशीपोटी घेतली की पोट जड होते, म्हणून गोळी सुटते. ज्या बाया पहाटे भाकरी खाऊन शेतावर जातात आणि दिवेलागणीला पुन्हा जेवतात त्यांना 'सकाळच्या भाकरीबरोबर पांढरी, संध्याकाळच्या भाकरीबरोबर पांढरी आणि निजताना लोहाची' एवढे एकच वाक्य पुरे आहे. पण ते वाक्य पावरीत, भिलीत, अहिराणीत आणि गुजरीत सांगितले गेले पाहिजे, आणि ज्या आशाताईने ते सांगावयाचे तिला त्याचे कारणही समजलेले असले पाहिजे. कारण समजले म्हणजे मनुष्य नियम पाळतो. शाळेतील माझ्या साऱ्या अनुभवाचा निष्कर्ष तोच आहे.

आणखी एक भीती आड येते : कॅल्शियमने मुतखडा होतो. खानदेशात मुतखड्याचे दुखणे घरोघर ठाऊक असल्याने ही भीती खोल रुजलेली आहे. वस्तुतः जेवणाबरोबर पोटात गेलेले कॅल्शियम अन्नातील ऑक्झलेटला आतड्यातच बांधून टाकते आणि खडा होण्याची शक्यता उलट कमी करते. इटलीत बोर्गी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, नेहमीइतके कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांस घेणाऱ्यांना, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पुन्हा खडे झाले. गोळीही म्हणूनच जेवणाबरोबर घ्यावयाची. ज्याला खडे वारंवार होतात त्याच्या रक्तातील कॅल्शियम मात्र एकदा अवश्य तपासावे, कारण क्वचित परावटू ग्रंथींपैकी एखादी गाठीने वाढून तिजोरीतून अनावश्यक उचल करीत असते. तेव्हा हाडे पोकळ होतात, खडे होतात, मन उदास होते, बद्धकोष्ठ जडते, आणि एका शस्त्रक्रियेने हे सारे बरे होऊ शकते.

कॅल्शियमच्या गोळीचा दुसरा लाभ हाडांशी संबंधित नाही, आणि तो अधिक तातडीचा आहे. ग्वाटेमालातील माया वंशाच्या स्त्रिया अत्यंत दरिद्री असूनही त्यांच्यात गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येण्याचा विकार विरळा होता. बेलिझान आणि व्हिलार यांनी १९८० साली त्याचे कारण असे सुचविले की त्या बाया मका चुन्याच्या निवळीत भिजवून शिजवतात आणि त्यातून त्यांना पुष्कळ कॅल्शियम मिळते. पुढील प्रयोगांनी हा तर्क खरा ठरविला, आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्या समाजांत गरोदर स्त्रियांस दीड ते दोन ग्रॅम द्यावे अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली. अलीकडे बंगळुरू आणि टांझानियातील दार-ए-सलाम येथे प्रत्येकी अकरा हजार प्रथमगर्भवतींवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, या विकाराच्या बाबतीत ५०० मिलिग्रॅमची मात्रा १५०० मिलिग्रॅमपेक्षा उणी ठरली नाही. याचा व्यवहारातील अर्थ आमच्या बायांना सांगण्याजोगा आहे : दोन गोळ्या हा नियम खराच, पण ज्या दिवशी एकच घेणे जमले तो दिवसही वाया गेला असे समजून गोळी सोडून देऊ नये. मका आमच्याही पहाडात खातात; पण येथे मी मुद्दाम बजावून ठेवतो की, ग्वाटेमालाच्या या हकीकतीवरून तंबाखूत मळलेला चुना, किंवा कोणाच्या सांगीवरून गव्हाच्या दाण्याएवढा रोज खाल्लेला चुना, हा गोळीचा पर्याय होत नाही. तोंडाची आतील त्वचा त्याने भाजते, आणि तंबाखूबरोबर तो जे करतो ते कर्करोगाच्या रुग्णालयांतून पाहावयास मिळते.

अंगणवाडीकडे येतो. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून चालू असलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते. या योजनेबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे. विनंती इतकीच की, त्या जेवणातील लाडवात तीळ आणि भाकरीत आठवड्यातून काही दिवस नागली येईल अशी तजवीज व्हावी. सातपुड्याच्या उतारांवर नागली पिकवणारे शेतकरी अजून आहेत. त्यांचेच धान्य बचत गटांमार्फत घेतले तर पैसा तालुक्याबाहेर जावयाचा नाही, आणि पहाडातले एक जुने पीकही टिकेल.

आता दोन गोष्टी दवाखान्याच्या. पहिली सुईची. अशक्तपणा आला की शिरेतून कॅल्शियमची सुई घ्यावयाची, अशी सवय खेड्यापाड्यांतून पसरलेली आहे. औषध शिरेत जाताच अंगभर ऊब पसरते आणि त्या उबेलाच रोगी गुण समजतो. दहा मिलिलिटरच्या त्या सुईत कॅल्शियम सुमारे नव्वद मिलिग्रॅम असते, म्हणजे अर्ध्या पेल्या दुधातल्याहून कमी. आणि ती घाईने दिली तर हृदयाचा ताल बिघडतो, शिरेबाहेर सांडली तर मांस कुजते. तिचे खरे स्थान फार गंभीर आहे : तान्ह्या मुलास रक्तातील कॅल्शियम घसरल्याने आकडी आली असता, अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर हातपाय वळू लागले असता, किंवा बाळंतिणीचे झटके थांबविण्यासाठी दिलेले मॅग्नेशियम जास्त झाले असता ती प्राणदायी आहे, आणि तीही प्रशिक्षित हातांनी, सावकाश दिलेली. गोठ्यात ही जाण आमच्या शेतकऱ्यांस चांगली आहे. व्यालेली दुभती गाय एकाएकी बसते, मान कुशीवर टाकते, कान थंड पडतात, तेव्हा तो दुग्धज्वर आहे, म्हणजे चिकात सारे कॅल्शियम गेले आहे हे ओळखून ते पशुवैद्यास बोलावतात, आणि तो बाटलीतले कॅल्शियम छातीचे ठोके ऐकत हळूहळू शिरेत सोडतो. तेवढाच धीर आणि तेवढेच भान माणसांच्या बाबतीत पाळले जावे. ड जीवनसत्त्वाच्या सहा लाख एककांच्या सुयांविषयीही तेच. त्या पुन्हा पुन्हा घेतल्या की रक्तातील कॅल्शियम मर्यादेबाहेर चढते, उलट्या होतात, तहान लागते, भ्रम होतो, आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

दुसरी गोष्ट आकडीची. आईच्या अंगी ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर तिचे तान्हे मूल कॅल्शियम घसरून झटके देऊ लागते, आणि बाहेरून ते झटके अपस्माराच्या किंवा धनुर्वाताच्या झटक्यांहून वेगळे ओळखू येत नाहीत. घरचे भगताकडे धावतात, आणि त्यात त्यांचा दोष मी मानत नाही, कारण दवाखाना दूर आणि भगत जवळ असतो. परंतु मूल दवाखान्यात पोचल्यावर रक्तातील साखरेबरोबर कॅल्शियमही तपासले जावे, एवढी सोय आमच्या पायथ्याच्या रुग्णालयांतून कायम असावी. त्याच तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज हे एक स्वस्त माप जोडावे, कारण रक्तातील कॅल्शियम निर्दोष असतानाही हाडांचा मऊपणा आणि मुडदूस हे माप चढवून दाखवितात. म्हणजे तिजोरीचा हिशेब पाहण्याचे साधन आहे ते हेच. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि अशा रुग्णांत ड जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. त्यांची प्रत्येक हाडदुखी सिकलसेलच्याच खाती न मांडता हे माप पाहिले गेले तर काहींचे दुखणे सहज हलके होईल.

शाळा आणि अंगणवाड्या तपासणारी जी पथके आहेत, ती ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरतात त्याचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत मुडदूस नाव घेऊन नमूद आहे. मुलाला सरळ उभे करून गुडघे आणि घोटे पाहावयाचे, मनगट चाचपावयाचे, यास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट प्रत्येक मुलाला मिळावे, असा आपला तोंडी हुकूमही पुरे होईल.

शेवटची विनंती वेळेशी बांधलेली आहे. दिवाळी झाली की आमच्या भागातील शेकडो कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला निघतात आणि होळीच्या सुमारास परततात. त्यांत गरोदर आणि लेकुरवाळ्या बाया असतात, आणि ते चार महिने उसाच्या फडात त्यांना ना आशाताई भेटते ना अंगणवाडी. रोज दोन या हिशेबाने दोनशेचाळीस गोळ्या, आणि सूर्य, चूल व चांदणी यांच्या चित्रांनी वेळा दाखविणारा एक कागद, एवढे सामान निघतेवेळी त्या बाईच्या गाठोड्यात देण्यास नियमांची कोणतीही आडकाठी मला दिसत नाही. तशी काही असल्यास ती दूर करण्याचा अधिकार आपला आहे. गरोदर बायांची यादी गावोगाव तयारच असते. भाद्रपद संपण्यापूर्वी जादा साठ्याची मागणी नोंदविली गेली, तर याच हंगामात पायथ्याच्या आणि पहाडाच्या उपकेंद्रांवर गोळ्या वेळेत पोचतील.



आपला नम्र,
म्हसावद येथील एक निवृत्त शिक्षक